केवळरामभाऊंचा वरचा दात

केवळरामभाऊंनी आजवर किती सुनांना घराबाहेर काढलं, किती विधवांच्या जमिनी बळकावल्या आणि किती सख्ख्या भावांना विहिरीत ढकललं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दिवाळी झाली की हे सुरू व्हायचं, ते होळीपर्यंत. उरलेले महिने ते धान लावायचे, आणि शेजाऱ्याची म्हैस आपल्या बांधीत शिरली तरी तिला "जा वो माय, घरी जा" असं समजावून बाहेर काढायचे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतले ते नावाजलेले खलनायक, आणि माझे पेशंट.

वडशाच्या बसस्टँडजवळ माझा दातांचा दवाखाना आहे. मी मूळची गडचांदूरची. वडील सिमेंटच्या कारखान्यात होते, नाटकाशी आमच्या घराचा संबंध टीव्हीपुरता. वडशात आले तेव्हा कळलं की इथं नाटक म्हणजे नुसता शौक नाही, तो धानासारखा हंगाम आहे. पीक घरात आलं की कंपन्यांची ऑफिसं गजबजतात, भिंतीभिंतीवर पोस्टरं लागतात, गावोगाव मांडव पडतात आणि माणसं घोंगड्या घेऊन रात्रभर बसतात. माझ्या समोरच्या मेडिकलच्या भिंतीवर केवळरामभाऊ दर वर्षी लागायचे. लाल फेटा, एक भुवई वर, ओठ फाकलेले. ते पोस्टर पाहून शहाणी माणसं तिकिटाचा विचार करायची आणि मी मनात म्हणायचे, या माणसाच्या हिरड्या काही बऱ्या दिसत नाहीत.

त्यामुळे ते दवाखान्यात आले तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांना पाहून. पोस्टरातल्या माणसाच्या निम्मा असेल असा बारीक माणूस, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. नंबर आला तरी मागच्या म्हातारीला म्हणाले, "आजी, तुमी पहिले व्हा." तिच्यानंतर आणखी एकाला पुढे धाडलं. शेवटी मीच बाहेर येऊन दटावून आत घेतलं.

खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी खुर्चीला हात लावून नमस्कार केला. मी आरसा हातात घेतला तर म्हणाले, "बाई, दात मंग पाहा. पहिले आयका."

आणि ते उभे राहिले. पिशवी स्टुलावर ठेवली, मान जरा तिरकी केली, आणि त्या बारीक माणसातून एक असा आवाज निघाला की माझी मदतनीस रेखा हातातला ट्रे घेऊन दारातच थबकली.

"सात पिढ्यांचं वैर आहे हे, सुलोचना! सौभाग्याच्या शपथा मला घालू नकोस!"

नाटकात ही मंडळी पुस्तकातली मराठी बोलतात. वाक्य संपलं तसे ते पुन्हा लहान झाले. "ते 'स' आयकलं का जी? हवा जाऊन राह्यली."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पुन्हा म्हणायला लावलं तेव्हा कुठे जाणवलं की 'स'च्या मागे बारीक फुसकारा आहे. मग तोंड पाहिलं. वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांपैकी उजवा बोट लावताच हलत होता. हिरडी काळपट, सुजलेली, दाबली की पू येत होता. एक्स-रेमध्ये त्या दाताला धरून ठेवणारं हाड जवळजवळ उरलंच नव्हतं. टोकाशी थोडंसं, तेवढ्याच आधारावर तो उभा होता. लोक याला पायरिया म्हणतात. आमच्या भागात त्याचं एक मोठं कारण पन्नीत घोटून मिळतं, सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा, आणि केवळरामभाऊंच्या पिशवीत त्याच्या पुड्या भाजीपेक्षा जास्त होत्या.

मी सरळ सांगितलं, "भाऊ, हा दात काढा. यात वाचवण्यासारखं काही राहिलेलं नाही. शेजारचे दोन तरी नीट राहतील. नंतर नकली बसवू."

"काढा तं लागनच बाई. पन होळीच्या अंदर नाई."

का, म्हणून विचारलं तर त्यांनी त्यांच्या कंपनीतल्या एका नटाची गोष्ट सांगितली. त्यानं कुठूनसा नकली दात बसवून घेतला होता. बापाच्या प्रेतावर पडून रडण्याचा प्रसंग होता. हंबरडा फोडला आणि दात बापाच्या छातीवर पडला. प्रेतालाही हसू आवरलं नाही. त्या बिचाऱ्याचा पुढचा सगळा हंगाम विनोदी नोकराच्या कामात गेला.

"त्याचं चाललं जी, तो हिरोचा भाऊ होता. पन पाटलाले लोक एक डाव हसले, का पाटील खतम." पाटील म्हणजे ते स्वतः. नाटकं बदलायची, खलनायकाचं नाव बदलायचं, पण स्वतःच्या कामाला ते नेहमी 'पाटील' म्हणायचे, घरात आलेल्या पाहुण्याविषयी बोलावं तसं. पाटलाचा घसा बसला, पाटलाले आज राग नाई आला.

लोकांनी आपल्याला मनापासून धिक्कारावं, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती. एका गावी खेळ संपल्यावर सकाळी सगळी मंडळी यजमानांच्या ओसरीवर चहाला बसली होती. घरच्या म्हातारीनं प्रत्येकाच्या हातात कप दिला, आणि यांच्यापुढे आल्यावर कप जमिनीवर टेकवून तोंड फिरवलं. लोक शाल-श्रीफळाची हकिगत सांगतात तशी ही हकिगत ते सांगायचे. "दोनी हातानं उचलला जी मी तो कप," म्हणायचे.

पुढच्या वेळी ते बायकोला घेऊन आले. पार्बताबाई उंच, करारी, आणि खरं सांगायचं तर पाटलाचं काम त्यांनी जास्त चांगलं केलं असतं. त्या खुर्चीच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि मलाच दरडावून म्हणाल्या, "वरचा दात काहाडू नोका बाई. डोरे जातेत मानसाचे."

ही समजूत माझ्या जिवावर उठली आहे. वरच्या दाताची नस डोळ्याला जाते, दात काढला की दृष्टी जाते, असं इथं अर्ध्या तालुक्याला वाटतं. खालच्या दातांबद्दल कोणाची काही तक्रार नसते, ते मला गाजरासारखे उपटू देतात. मी पार्बताबाईंना चित्र काढून दाखवलं. मग म्हटलं, माझ्या स्वतःच्या वरच्या चार दाढा काढलेल्या आहेत, मला तुम्ही दिसताय. त्यांनी माझ्या चष्म्याकडे बोट दाखवलं. मी हात टेकले.

"काहाडाचाच असंन तं," त्या शेवटी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "खालचा एखांदा काहाडा. थो चालते."

रेखा हसू दाबत बाहेर पळाली. केवळरामभाऊ मात्र हसले नाहीत. बायकोचा सल्ला ते मान खाली घालून ऐकत राहिले. तीस वर्षं सुनांचे केस धरून फरफटत नेणाऱ्या माणसाची घरातली ही स्थिती होती.

शेवटी तह झाला. मी दात होळीपर्यंत टिकवायचा प्रयत्न करीन. हिरडीखालची खोलवर सफाई करायची, हलणारा दात मागच्या बाजूनं बारीक तारेनं शेजारच्या दातांना बांधायचा, दर पंधरवड्याला दाखवायचं. माझी अट एकच, खर्रा बंद. अट घालताना मला खात्री होती की मोडणार. अशा अटी मी रोज घालते आणि लोक दवाखान्याच्या पायरीवरच पुडी फोडतात.

त्यांनी मोडली नाही. अख्खी कंपनी गाडीत खर्रा घोटायची आणि हे खिडकीशी बसून तोंडात लवंग धरायचे. चिडचिड व्हायची, एकदा तर प्रवेश विसरले. सोबतचे लोक थट्टा करायचे की पाटील बाबा झाला, आता कीर्तनाला लावा. "लवंग खाऊन खून करा लागून राह्यला बाई," ते मला म्हणाले. पण दर वेळी हिरडी आधीपेक्षा बरी दिसायची. पू थांबला, सूज उतरली, रंग पालटला. मला, खरं सांगते, गर्व झाला. ज्या दाताची मी आशा सोडली होती त्याचे फोटो मी कॉलेजच्या मैत्रिणींना पाठवायला लागले. कोणी हाड किती म्हणून विचारलं की विषय बदलायचे.

हंगाम ऐन भरात असताना, जानेवारीतल्या एका सकाळी, दवाखाना उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले दिसले. रात्रीचा खेळ करून परस्पर आले होते. कानामागे रंग तसाच, डोळ्यांत काजळ पसरलेलं. मी घाबरून विचारलं, तार तुटली का?

"तार मजबूत हाये जी. काढून टाका तो दात."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, बोटानं दात हलवून पाहिला. छान होता. म्हटलं, "भाऊ, वेड लागलं का? हिरडी एवढी सुधारलीय. मी काढा म्हणत होते तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आता मी ठेवा म्हणतेय."

रेखानं पाणी आणून दिलं, ते प्याले. मग खाली बघत सांगायला लागले.

"काल सुनेले घराबाहेर काढाचा सीन होता. पावसात, पोटुशी हाये ते. मी तिचा हात धरला, वढत समोर आनलं, आन बोललो. थ्या जाग्यावर, बाई, मांडवात पान हलत नाई. बाया डोळ्याले पदर लावतेत. काल पहिल्या रांगेत एक बाई बसून होती. थे शेंगा सोलून राह्यली होती. मी बोलून राह्यलो, आन थे सोलून राह्यली. फोलपटं झटकले, तोंडात टाकले, मंग दुसरी घेतली. माझ्यासमोर!"

मी म्हटलं, असेल एखादी भुकेली.

"नाई जी. थ्या बाईचा कसूर नाई. मलेच समजलं. महिनाभर मी बोलूनच नाई राह्यलो. जीभ दाताकडं जाते आन तिथी पोचाच्या पहिलेच थांबते. 'त' आला का जपून, 'द' आला का जपून. सौभाग्य म्हनतो तं आईले औषध पाजावं असा म्हनतो. दात तं जगून राह्यला बाई, पन पाटील मरून राह्यला."

हे सांगताना त्यांचा आवाज पोस्टरातला नव्हता आणि पेशंटचाही नव्हता. मी तीन महिने त्या दाताकडे इतकी पाहत होते की त्याच्यामागचा माणूस मला दिसला नव्हता, असं काही मी म्हणणार नाही; दात पाहणं हेच माझं काम. पण त्या क्षणी मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. काढला तर फट पडणार, 'स' सगळा हवेत जाणार, लोक हसणार. ठेवला तर लोक शेंगा खाणार. आणि हंगाम अजून निम्मा शिल्लक होता.

मग मला एक गोष्ट आठवली. कॉलेजात एका सरांनी करून दाखवली होती, मी स्वतः कधी केली नव्हती. दात काढायचा, त्याचं मूळ कापून टाकायचं, आणि वरचा दिसणारा भाग साफ करून, भरून, त्याच जागी शेजारच्या दातांना चिकटवायचा. दात गेलेला असतो आणि दिसतो मात्र जागच्या जागी. चावायला निकामी, बोलायला चालतो. किती दिवस, ते सांगता येत नाही.

त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी फार विचार केला. "म्हंजे मेलेला दात उभा करता?"

"तसंच."

"पडला तं?"

"पडला तर पडला. आणून द्या, पुन्हा चिकटवू. त्याला आता आणखी काय व्हायचंय?"

"हां," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "हां."

मी साखर तपासली, पुढचे दोन दिवस खेळ नाही याची खात्री केली, इंजेक्शन दिलं. दात काढायला जोर लावावाच लागला नाही, दोन बोटांत आला. मी इतके दिवस ज्याचं कौतुक करत होते तो किती थोड्यावर उभा होता, हे तेव्हा हातात कळलं. रक्त थांबवलं, मूळ कापलं, उरलेला दात घासून पुसून बसवला. आरसा दिला तर त्यांनी तोंड वेडंवाकडं करून सगळीकडून पाहिलं.

"बोलून बघा," मी म्हटलं.

"इथी नाई. मांडवात." आणि ओठ मिटून घेतले.

पार्बताबाई दुपारी तरातरा आल्या. कोणीतरी खबर पोचवली होती. नवऱ्याची हनुवटी धरून त्यांनी ओठ वर केला, दात जागेवर पाहिला आणि माझ्याकडे वळल्या. "नाई काहाडला ना?"

मी केवळरामभाऊंकडे पाहिलं. इतक्या नाटकांत इतकी कारस्थानं रचलेला माणूस, पण चेहरा असा निष्पाप केला की मला बोलायची सोयच ठेवली नाही. "दात जागेवर आहे बाई," मी म्हटलं. त्या त्यांना घेऊन गेल्या. जाताना एका डोळ्यावर हात ठेवून समोरच्या मेडिकलची पाटी वाचायला लावली, तेवढी खबरदारी घेतलीच.

त्यानंतर पंधरवडा झाला, ते आले नाहीत. दाखवायची तारीख टळली. फोन लावला तर लागेना. हंगामात या लोकांचा पत्ता नसतो. मी मनात वाईट तेच धरलं. कुठल्या तरी मांडवात 'सौभाग्य' म्हणताना दात उडाला असेल आणि लोक हसले असतील, आणि आता हा माणूस मला तोंड दाखवणार नाही. रेखा म्हणायची, मॅडम, तुमचं जेवणात लक्ष नाही. खरंच नव्हतं.

मग मला एका सकाळी ब्रह्मपुरीला जायचं होतं. रिक्षानं स्टँडवर उतरले तर माझी बस फलाटावर यायची होती आणि शेजारची, आतल्या गावांहून आलेली एसटी पुढे निघायच्या बेतात होती. तिच्या दारातून केवळरामभाऊ चढताना दिसले. पांढरा सदरा, कापडी पिशवी, कानामागे रंगाचा लाल पट्टा. मी हाक मारायला गेले, पण ते आत शिरले होते.

बस भरलेली होती. मधल्या एका बाकावर, खिडकीशी, मांडीवर घोंगडीची घडी घेऊन एक पोक्त बाई बसलेली होती. शेजारची जागा रिकामी. केवळरामभाऊ त्या जागेपाशी आले आणि बसायला वाकले. बाईनं वर पाहिलं, आधी सहज, मग नीट. तिनं पदर सावरला, पायाशी ठेवलेलं तांदळाचं गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि त्या रिकाम्या जागेवर धप्पकन ठेवलं. वर त्याच्यावर हात टाकून बसली. काहीतरी बोललीही, काचेतून मला ऐकू आलं नाही, पण मागच्या बाकावरच्या दोघी जणी माना हलवत तिच्या बाजूनं झाल्या.

कंडक्टरनं घंटी मारली. केवळरामभाऊ सरळ झाले, वरचा दांडा धरला आणि तेवढ्यात त्यांना खिडकीबाहेर मी दिसले. पुढचं गाव चांगलं दूर होतं आणि रस्ता खराब. रात्रभर उभं राहून काम केलेला तो माणूस आता तिथपर्यंत उभा जाणार होता, आणि दांड्याला लटकत, सगळे दात दाखवून, माझ्याकडे पाहून हसत होता.